गाण्यानंतरचा निरोप

गोकुळपेठेच्या बाजारात मी गवारीचा भाव विचारला, तर भाजीवालीनं शेंगांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मे महिना, सकाळचे नऊ, तरी ऊन असं की तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा; माझ्या सख्ख्या बहिणीनंही मला ओळखलं नसतं. पण ती बाई तोंड शोधतच नव्हती. "आणखी एकदा बोला बरं," ती म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "गवार कशी दिली?" तशी तिनं मांडीवर थाप मारली. "रेडिओवाल्या वंदनाताई! मी म्हटलंच, आवाज वळखीचा येऊन राहिला!" मग तिनं शेजारणीला हाक मारली, आपलं नाव यमुताई सांगितलं, कळमेश्वरकडून रोज माल घेऊन येते आणि घरी पोचली की 'दुपारची हाक' लावूनच जेवायला बसते, हेही सांगून टाकलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं बिनचेहऱ्याची नोकरी केलेल्या बाईला भरबाजारात कुणी ओळखलं की ती हुरळतेच. मी चष्मासुद्धा काढला. यमुताईनं दोन मुठी गवार जास्तीची टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्याइतकं कोण करते बाप्पा! जांबहेटीच्या त्या पोट्टीले तुमी रेडिओवरून जीव तोडून सांगितलं, प्रणाली वर ये, प्रणाली वर ये. म्या माह्या कानानं आयकलं. पण तिनं नाही आयकलं. कपडे राहिले होते म्हणे धुवायचे. आता मरणाऱ्यालेच घाई असन तर सांगणाऱ्यानं काय करावं?"

मी हसले. हे मला नंतर स्कूटरपाशी आल्यावर आठवलं, की मी हसले होते, रेडिओवर हसते तसं, गोड. प्रणाली चोवीस वर्षांची होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती जांबहेटीच्या नाल्यावर कपडे धूत बसली होती. गावाच्या वरच्या अंगाला एका कंपनीनं सांडपाण्याचं मोठं तळं बांधलं होतं. त्या दिवशी तळ्याची भिंत फुटली आणि पांढरा चिखल सगळा नाल्यातून खाली आला. ती दुसऱ्या दिवशी सापडली, अर्ध्या कोसावर. हे सगळं पेपरात आलं. पेपरात आलं नाही ते एवढंच, की मी तिला काहीही सांगितलं नव्हतं. जीव तोडून नाही आणि न तोडताही नाही. त्या दुपारी तिचं नावसुद्धा माझ्या तोंडून निघालं नव्हतं. आणि इथे गवारीच्या ढिगापाशी गोष्ट पिकून तयार होती: मी भली, आणि मेलेली पोरगी हट्टी. मला परत जाऊन सांगता आलं असतं, यमुताई, तुम्ही ऐकलं नाही, असं काही झालंच नाही. त्याऐवजी मी स्कूटर सुरू केली. गवार डिक्कीत होती. ती मी फेकलीही नाही, दुपारी भाजी केली आणि खाल्ली.

आमचं केंद्र काटोल रोडवरच्या एका कॉलेजच्या आवारात आहे. दोन खोल्या, एक काच, गच्चीवर मनोरा. आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर, तेवढंच आमचं राज्य. सरकारनं यंत्रं घ्यायला मदत केली, योजनांच्या जाहिराती दिल्या, आम्हाला शिकवायला माणसं पाठवली, आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली: बातमी द्यायची नाही. मुरंबा सांगा, लसीकरण सांगा, बोंडअळी सांगा, आयाबायांच्या ओव्या लावा. पण काल गावात काय घडलं हे स्वतःहून सांगू नका. सरकारी बातम्या लावायच्या तर जशाच्या तशा लावा. सुरुवातीला मला यात काही वावगं वाटलं नाही. मी कोष्ट्याची पोर, गोळीबार चौकातल्या बोळात वाढलेली, आमच्या घरी दिवसभर मागाची खटखट. बाप सांगायचा, हात चालू ठेव, तोंड बंद ठेव, धागा तुटत नाही. मला तर उलट तोंड चालवायचे पैसे मिळत होते. बातमी नको तर नको. केंद्राचे प्रमुख प्रेमानंद सर, साहित्याचे निवृत्त प्राध्यापक, पापभीरू माणूस, मुंगीलाही बाजूला सरकवून पाय टाकणारे. मागच्या वर्षी एका शेतकऱ्यानं थेट कार्यक्रमात कंपनीच्या पाण्याला वास येतो असं म्हटलं आणि दीड महिन्यानं वरून पत्र आलं, की हे बातमीच्या व्याख्येत मोडतं, खुलासा करा. त्या दिवसापासून सरांचा रक्तदाब वाढला तो वाढलाच. त्यांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात शब्द लिहिले आणि माझ्या समोर काचेवर चिकटवले. कंपनी. मोर्चा. पोलीस. आमदार. अपघात. मृत्यू. यांतला एकही शब्द फोनवर आला की तो फोन प्रसारणात घ्यायचा नाही, हा नियम. मी आधी हसायचे त्या कागदाला. मग सवय झाली. मग असं झालं की शब्द कानावर पडायच्या आत हात फोन ठेवायला निघायचा. बाजारात कुणी 'कंपनी' म्हटलं तरी माझा उजवा हात थोडा उचलला जायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण आमच्या लोकांनी या सगळ्यातून आपली वाट काढलीच. 'दुपारची हाक'मध्ये गाण्याची फर्माईश करायला फोन यायचे, त्यात हळूहळू निरोप येऊ लागले. घरात फोन एकच आणि माणसं चार दिशांना, पण वावरात, नाल्यावर, गोठ्यात कुठे ना कुठे आमचा रेडिओ चालू. मग म्हाताऱ्या फोन करायच्या: बाई, बाबनरावले सांगा, पावणे आले, घरी या. बाई, आमच्या सुनेले सांगा, पोरगं उठलं, दूध मागून राहिलं. गाणं सुरू असताना मी फोन घ्यायचे, चिठ्ठीवर लिहायचे, आणि गाणं संपलं की सगळे निरोप एका दमात सांगायचे. बातमी नाही, काही नाही, नुसती हाक. सर म्हणाले, याला हरकत नसावी. लोकांना हे इतकं पटलं की गाण्यापेक्षा गाण्यानंतरच्या त्या दोन मिनिटांसाठी रेडिओ लागायचा. जांबहेटीच्या रुख्माबाई तर रोजच्या. फोन त्यांच्याजवळ, रेडिओ सुनेजवळ. त्या सुनेचं नाव प्रणाली, हे मला तिच्या मरणाआधी वर्षभर माहीत होतं. मी तिला शेकडो वेळा घरी बोलावलं होतं. प्रणाली, पाणी आलं. प्रणाली, जितेंद्रचा डबा राहिला. प्रणाली, कापडं वाळत घालून लवकर ये. तिला मी कधी पाहिलं नाही. पण एकदा रुख्माबाई म्हणाल्या होत्या, "तुह्यावाचून आयकत नाही वं ते माहं. मी इथून कोकलली तर हलत नाही, तू म्हटलं का पयतच येते." मी ते चार ठिकाणी कौतुकानं सांगितलं होतं.

त्या दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी गाणं लावलं आणि फोन घेतला. तो फोन फक्त माझ्या कानात असतो, प्रसारणात जात नाही. रुख्माबाई धापा टाकत होत्या. "बाई, प्रणालीले सांग लवकर वर ये म्हणा. नाल्याचं पाणी पांढरं येऊन राहिलं, कंपनीचं तळं गळून राहिलं वरून, मी पाहून आली. सांगशीन ना?" मी म्हटलं, "हो आजी, गाणं झालं की सांगते." आणि फोन ठेवला. हात आधीच निघाला होता. चिठ्ठीवर मी लिहिलं: प्रणाली, वर ये, नाला, कंपनी. मग त्या शेवटच्या शब्दाकडे बघितलं. मग काचेवरच्या कागदाकडे. परवान्याच्या नूतनीकरणाची फाईल त्याच आठवड्यात वर गेली होती. मी उठून सरांकडे गेले आणि चिठ्ठी दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. "तळं गळतंय असं आपण कसं म्हणणार? तहसीलकडून काही अधिकृत? मी फोन लावतो," ते म्हणाले आणि लावत बसले. तहसीलचा फोन लागेना. रुख्माबाईंनी एकदा बिबट्या आला म्हणून कळवलं होतं आणि तो शेजारचा कुत्रा निघाला होता, हेही मला त्याच वेळी आठवलं, की मी मुद्दाम आठवून घेतलं, आता सांगता येत नाही. गाणं संपत आलं होतं. मी येऊन बसले, हेडफोन लावला. इथपर्यंत मला सगळं लख्ख आठवतं. चिठ्ठीच्या कडेचा चहाचा डाग आठवतो. पुढे मी निरोप दिला नाही, हेही मला यमुताई भेटेपर्यंत लख्ख आठवत होतं. भिंत फुटली तीन पन्नासला. नाल्यावरून वर यायला, सर म्हणतात, सहा-सात मिनिटं पुरे.

दोनच शब्द होते. 'वर ये'. कंपनी गाळून टाकायची, तळं गाळून टाकायचं, रोजच्यासारखं म्हणायचं, प्रणाली, वर ये. कुठल्या नियमात बसत नव्हतं ते? कुणी पत्र पाठवलं असतं? सगळं घडून गेल्यावर ही अक्कल मला आली, ती बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याला येते तशी. मला कुणीही थांबवलं नव्हतं. सरांनी नाही म्हटलं नव्हतं, ते फोन लावत होते. वरून कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. एक शब्द चिठ्ठीवर होता आणि तो बघून मी अख्खी चिठ्ठी बाजूला ठेवली, जशी किडकी शेंग दिसल्यावर कुणी अख्खी टोपली फेकून द्यावी. हे मी अनेकदा स्वतःला सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी मला स्वतःची किळस आली आहे. दुसऱ्या दिवशी मात्र मी तीन वाजता कामावर होते. आवाज नेहमीसारखा लागला.

आणि आता यमुताई म्हणत होती, मी माझ्या कानानं ऐकलं. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी बाई डोळ्यांत पाणी आणून जास्तीची गवार देत नाही. त्या दिवसापासून माझ्या आठवणीला वाळवी लागली. रविवारी कूलरसमोर बसून मी ते सगळं पुन्हा मांडून पाहिलं. गाणं संपलं, हेडफोन लावला, आणि मग? मी बोलले तर असणारच, काही ना काही. काय बोलले? शेकडो दुपारी मी म्हटलं आहे, प्रणाली, घरी ये. त्या शेकडोंतली एखादी उचलून त्या दुपारी ठेवली तर फट कुठे दिसते? माझाच आवाज, तेच नाव, तोच सूर. ज्यांच्या घरी रेडिओ पंख्यासारखा नुसता चालू असतो त्यांनी तेच केलं असणार, कुठलीतरी जुनी हाक त्या दिवशी लावून घेतली असणार. पण ते जर करू शकतात तर उलटंही असू शकतं. कदाचित मी सांगितलं असेल. कदाचित भीतीनं माझंच डोकं फिरलं आणि न केलेलं पाप मी तीन महिने वाहिलं. हा विचार आला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी उठून माठातलं पाणी प्यायले. मग लगेच वाटलं, मला जर हे खरं हवं असेल तर मला काय हवं आहे? ती पोरगी ऐकूनही आली नाही, असं मला हवं आहे. मला तिचा दोष हवा आहे. पाण्याचा पेला हातात तसाच राहिला.

याचा निकाल लावणं काही अवघड नव्हतं. परवान्याची अट आहे: जे जे प्रसारित होतं त्याचं रेकॉर्डिंग नव्वद दिवस जपायचं, कुणी मागितलं तर द्यायचं. एक्क्याण्णवाव्या दिवशी संगणक ते आपसूक पुसतो. तारखेवर बोट ठेवायचं, तीन बारा शोधायचं, ऐकायचं. तीन महिने ते माझ्यापासून हातभर अंतरावर पडून होतं आणि मी ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, नव्वद दिवस जाऊ द्या, सुंठीवाचून खोकला जाईल. मोजत मात्र होते. सोमवार नव्वदावा दिवस होता.

सोमवारी मी पोचले तेव्हा सर दारातच उभे होते. अपघाताच्या चौकशी समितीचं पत्र आलं होतं. कंपनीनं लिहून दिलं होतं की भिंत अचानक फुटली, आधी गळती नव्हतीच, कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. रुख्माबाई म्हणत होत्या, मी चाळीस मिनिटं आधी पाहिलं आणि रेडिओला फोन केला. समितीनं आम्हाला विचारलं होतं, त्या दुपारी असं काही प्रसारित झालं का? सरांनी उत्तर तयार ठेवलं होतं. आमच्या प्रसारणात अशा आशयाचा कोणताही मजकूर नाही. खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, "सर, पण फोन आला होता." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोनबद्दल त्यांनी विचारलेलं नाही. आणि फोन तर म्हातारी रोजच करते, नोंद असली तरी त्यातून काय सिद्ध होतं?" मग थोडं थांबून, "वंदनाताई, हे केंद्र बंद पडलं तर गावाला काय मिळणार? आहे तेही जाईल." ते खरंच बोलत होते. उत्तरातला शब्द न् शब्दही खराच होता. आणि त्या खऱ्या उत्तरावर माझी सही झाली की रुख्माबाई खोटारड्या ठरणार होत्या, आणि तळं कधी गळलंच नव्हतं असं कायमचं ठरणार होतं. "आज दोन वाजता जांबहेटीची ती माणसं येताहेत," सर म्हणाले. "म्हातारीला तो निरोप ऐकायचाय म्हणे. आपण सांगू, नव्वद दिवस झाले, पुसलं गेलं. तिचंही समाधान, आपलीही सुटका." सरांनी ते रात्रभर घोळवलं असावं, इतकं ते नीट बसवलेलं होतं.

ती दोघं वेळेआधीच आली. जितेंद्र, प्रणालीचा नवरा, एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्यात पाळीवर जाणारा, तिशीचा, अंगावर कामाचाच शर्ट. रुख्माबाईंना मी पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मी धिप्पाड बाई कल्पिली होती. ही चिमणीएवढी, गुडघे धरून चालणारी. उंबऱ्यात थांबून तिनं खोली न्याहाळली, मग माझ्याकडे आली आणि माझ्या हनुवटीला हात लावला. "तू होय वं वंदनाबाई," ती म्हणाली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. सरांनी त्यांना बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि ठरलेलं वाक्य काढायला घसा साफ केला. पण म्हातारी त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"मले कागद नाही पाह्यजे, काही नाही पाह्यजे," ती मला म्हणाली. "तू तिले कसं सांगितलं ते एक डाव आयकव. मोठ्यानं सांगितलं का हळू? दोन डाव सांगितलं का एकच डाव? सारं गाव म्हणते, तिनं आयकलं अन् नाही आली. हा जितू बी तेच म्हणते."

"म्हणू नाही तं काय करू?" जितेंद्र खाली मान घालून म्हणाला. "मॅडम, आयकलं असतं तर वाचली नसती का? दोन बादल्या कपड्यापाई गेली. लोकं मले तोंडावर म्हणतात, तुही बायको हट्टी होती. मी बी म्हणतो, हो, होती."

"तू सांगितलेलं आयकलं का मले तिचा राग येईन," रुख्माबाई म्हणाल्या. "राग आला का रडू थांबते वं. मले ते रडूच थांबवाचं आहे."

"त्याचं असं आहे आजी," सर म्हणाले, "नियमाप्रमाणे नव्वद दिवस झाले की..."

"आहे," मी म्हणाले. "आज रात्रीपर्यंत आहे." सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घराला काडी लावली होती. मला त्या क्षणी फार शूर वाटलं असं नाही. खरं सांगायचं तर मलाच ऐकायचं होतं. म्हातारीच्या पाठीआड उभी राहून मी अजून आशा धरून होते, की माझा आवाज येईल आणि म्हणेल, प्रणाली, वर ये, आणि आम्ही तिघं-चौघं मिळून त्या मेलेल्या पोरीवर रागावू. मी तारखेवर बोट ठेवलं. तीन बारा. आवाज मोठा केला.

गाणं सुरू झालं. जुनं, संथ, ज्यात एकेक ओळ दोनदा येते. रुख्माबाई पुढे सरकून बसल्या, कानामागे तळवा धरला. जितेंद्र फरशीकडे बघत होता. गाणं चालू होतं आणि मला समजत होतं की याच गाण्याखाली, याच वेळी, माझ्या कानात ही बाई धापा टाकत होती; आणि त्याचा मागमूस त्यात नव्हता. मग गाणं संपलं. माझा आवाज आला. इतका प्रसन्न, इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. "श्रोतेहो, आता आजचे निरोप," तो म्हणाला, आणि म्हातारीनं दुसऱ्या हातानं जितेंद्रचं मनगट धरलं. "बाबनराव, घरी पाहुणे आलेत, वावरातून लवकर या. आणि दुसरा निरोप, सुमतीबाईंसाठी, चक्कीवरचं दळण तयार आहे, घेऊन जा." हे दोन निरोप मी दिले होते. त्या चिठ्ठ्यांच्या शेजारी तिसरी चिठ्ठी पडली होती आणि मी पाहुणे सांगितले, दळण सांगितलं. हे मला आठवत नव्हतं. नव्वद दिवस मी समजत होते की मी गप्प बसले होते. मी गप्प नव्हतेच.

"आता येईन," रुख्माबाई म्हणाल्या.

आवाज आवळ्याच्या मुरंब्याकडे वळला. आवळे टोचून घ्यावेत, रात्रभर चुन्याच्या निवळीत ठेवावेत. जितेंद्रनं मान वर केली. एकदा माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे. त्याला कळलं होतं. "बंद करा," तो म्हणाला. "थांब गा," म्हातारी म्हणाली, "मंग सांगितलं असन. विसरली असन जराशी, मंग सांगितलं असन." पाक दोनतारी झाला. बालकांच्या लसीकरणाची जाहिरात लागली. दुसरं गाणं लागलं, संपलं. सर दाराशी उभे होते, ते केव्हा बाहेर गेले मला कळलं नाही. यंत्रावर आकडे पुढे सरकत होते, तीन तीस, तीन पस्तीस, आणि ती कानामागे तळवा धरून बसली होती, आणि मला हात पुढे करून ते थांबवता येत नव्हतं. ज्या हातानं इतके फोन पटापट ठेवले तो हात मांडीवर पडून राहिला. तीन एकेचाळीसला रुख्माबाईंनी तळवा खाली घेतला.

"नाही सांगितलं वं तू," त्या म्हणाल्या.

"नाही आजी." मी म्हणाले. "तुमचा फोन आला होता. तुम्ही जे जे सांगितलं ते मी ऐकलं होतं. मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही. सरांच्या त्या कागदावर मी सही करणार नाही. हे मी समितीला लिहून देते, आत्ता लिहून देते. तळं गळत होतं, तुम्ही कळवलं होतं." मी बोलत सुटले. तिनं त्यातलं किती ऐकलं मला माहीत नाही. ती जितेंद्रकडे वळली होती.

"तिचा फोटू पेटीत घालून ठेवला ना तू," ती त्याला म्हणाली. "घरी गेलो का पयले तो काढ. पूस अन् भितीले लाव."

जितेंद्रनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो तसाच बाहेर गेला. मी माफी मागायला वाकले, पण पाय धरायचे तर ती गुडघ्यांवर जोर देऊन उठायच्या खटपटीत होती. मी तिचा दंड धरला, तिनं धरू दिला. दारापर्यंत आम्ही तशाच गेलो. समोर काटोल रोडवरून ट्रक जात होते, बाहेर जितेंद्रची मोटारसायकल उन्हात उभी होती आणि तो तिच्यावर पाठमोरा बसला होता. उंबऱ्यावर ती थांबली.

"ते गाणं किती मोठं होतं वं?" तिनं विचारलं.

"साडेचार मिनिटं."

"मले त्या दिवशी लय मोठं वाटलं," रुख्माबाई म्हणाल्या. "मी ओट्यावर बसून राहिली. म्हटलं, गाणं झालं असन, आता बाईनं सांगितलं असन, आता येईनच वर. मी गेली असती वं खाली. माहे गुडघे दुखतात, पण गेली असती."